जॉबरचे मत आणि प्राध्यापकाची साक्ष

न्यायालयात मत कोणाचे ऐकावे हा प्रश्न वकिलांच्या खोलीतला आहे, श्रमिकांच्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यातले अनेक कार्यकर्ते मानत आले आहेत. संप, मोर्चा, वेतनकरार यांवर आपण रकानेच्या रकाने भरतो. पण कामगाराचे बोट यंत्रात गेल्यावर त्या बोटाची किंमत कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या शब्दावर ठरवायची, हा विषय निघाला की आपली मंडळी वकिलावर हवाला टाकून मोकळी होतात. या उदासीनतेची किंमत आपण भरत नाही, ज्याचे बोट गेलेले असते तो भरतो.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. वसाहतवादी कायद्याचे जोखड फेकून दिल्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. प्रत्यक्षात तज्ज्ञांच्या मतासंबंधीच्या जुन्या ४५ व्या कलमाला नव्या कायद्यात ३९ वा क्रमांक मिळाला आणि मूळ सांगाडा कायम राहिला. साक्षीदाराने पाहिले, ऐकले, अनुभवले तेवढेच सांगावे, त्यावरून निष्कर्ष काढणे हे न्यायाधीशाचे काम, हा सर्वसाधारण नियम. त्याला अपवाद तज्ज्ञाचा. परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे अशा बाबतींत ज्याचे ज्ञान विशेष आहे त्याचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. नव्या कायद्याने या यादीत ‘किंवा अन्य कोणतेही क्षेत्र’ अशा अर्थाची भर घातली आहे. ही भर बारीक दिसते. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे, कारण या सगळ्या नामांतराच्या सोहळ्यात श्रमिकांच्या उपयोगी पडेल असे काही असेल तर ते एवढेच आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. तो माझ्या स्वत:च्या फजितीचा आहे.

वीसेक वर्षांपूर्वी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका यंत्रमागाच्या गावातून मला निरोप आला. एका माग कामगाराच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली होती आणि शेजारची दोन बोटे ताठरली होती. नुकसानभरपाईचा दावा आयुक्तांपुढे होता. ‘कमाईची क्षमता किती घटली’ यावर एखाद्या अर्थशास्त्रज्ञाने साक्ष द्यावी, असे युनियनच्या वकिलांना वाटले. मी त्या वेळी महाविद्यालयात श्रमाचे अर्थशास्त्र शिकवीत होतो. वेतननिश्चितीचे सिद्धांत मला तोंडपाठ होते. माग मात्र मी रस्त्यावरून ऐकलेला, जवळून पाहिलेला नव्हता.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी वकिलांनी माझी गाठ त्या कारखान्यातल्या जॉबरशी घालून दिली. सत्तावीस वर्षे मागाची दुरुस्ती केलेला माणूस. चहाच्या टपरीवर त्याने मला तासाभरात जे शिकवले, ते मला विद्यापीठात कोणी शिकवले नव्हते. ताण्याची तार तुटली की माग थांबतो, किंवा न थांबता कापडात दोष विणत राहतो. तुटलेली तार शोधायची, फणीतून ओढून घ्यायची, गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा, हे सारे काही क्षणांत व्हावे लागते, कारण त्याच वेळी शेजारच्या मागाची कांडी संपत आलेली असते. ही गाठ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मारली जाते. “सर, बोट गेलं म्हंजे गाठ गेली. गाठ गेली की माग थांबतोय. आन् मजुरी तर मीटरवर हाय,” असे तो म्हणाला. अपघातापूर्वी तो कामगार सहा माग सांभाळीत होता. आता फार तर दोन, आणि तेही सुताचा दर्जा चांगला असेल तर. मालक त्याला दोन मागांवर ठेवील का, हा आणखी निराळा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी प्रथम जॉबर उभा राहिला. त्याने कामाचे वर्णन केले तोपर्यंत सर्व ठीक होते. मग तो म्हणाला, “मला वाटतं, हा आता दोनावर माग चालवू शकणार नाही.” मालकाचे वकील तत्काळ उठले. साक्षीदार तज्ज्ञ नाही, हे त्याचे केवळ मत आहे, ते नोंदवू नये. ‘मला वाटतं’ हे शब्द पकडून त्यांनी जॉबरला विचारले, “म्हणजे तुम्हांला खात्री नाही ना?” मराठी माणूस मोठ्या माणसांपुढे अगदी पक्क्या गोष्टीलाही ‘मला वाटतं’ असे पदर लावून बोलतो. ती आपल्या बोलण्यातली अदब आहे, शंका नव्हे. न्यायालयात ती अदब त्याच्या गळ्याशी आली. तो गोंधळला, “तसं नाही साहेब,” एवढेच म्हणाला आणि खाली उतरला.

मग माझा पुकारा झाला. पदवी, पदव्युत्तर पदवी, अध्यापनाची वर्षे, प्रसिद्ध झालेले दोन लेख, हे सारे विचारून घेण्यात आले. त्यानंतर मी शांतपणे सांगितले की, सहा मागांची कामगिरी दोनांवर आल्यास आणि वेतन उत्पादनाच्या प्रमाणात असल्यास मिळकत सुमारे दोन-तृतीयांशाने घटते. हे जॉबरचेच वाक्य होते. मी त्याला अपूर्णांकाचा सदरा घातला होता. माझ्या साक्षीवर हरकत आली नाही. ‘वाटते’ हा शब्द मीही वापरला असावा, पण प्राध्यापकाच्या तोंडी तो विद्वत्तेचा संयम ठरतो.

आदेश यथावकाश आला. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात कमाईच्या क्षमतेची हानी वीस टक्के म्हटली होती, माझ्या हिशेबाने ती सहासष्टाच्या घरात जात होती. आयुक्तांनी चाळीस टक्के धरली. दोन्ही बाजूंचे आकडे पुढ्यात ठेवून मध्यावर सौदा तोडावा, असा तो प्रकार होता. आदेशात ‘अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या तज्ज्ञ मताचा’ उल्लेख होता. जॉबरविषयी एकच ओळ होती : साक्षीदारास तांत्रिक शिक्षण नाही, तो अर्जदाराचा सहकारी आहे, सबब त्याच्या मताला वजन देता येत नाही. वकिलांनी माझे अभिनंदन केले. त्या अभिनंदनाची मला आजही लाज वाटते. ज्याला ज्ञान होते त्याचे तोंड बंद करून, ज्याने ते ज्ञान आदल्या रात्री उसने घेतले होते त्याला तज्ज्ञ ठरवण्यात आले होते.

आता कायदा खरोखर असे सांगतो काय? मुळीच नाही, आणि माझे भांडण नेमके इथे आहे. जुन्या ४५ व्या कलमात पदवीची अट कोठेही नाही. त्या विषयात ‘विशेष कुशल’ असलेली व्यक्ती, एवढीच अपेक्षा आहे. कौशल्य अभ्यासाने येते तसे अनुभवानेही येते, हे न्यायालयांनीही वेळोवेळी मान्य केले आहे. शिवाय ‘कला’ हा शब्द तेथे चित्रकला-संगीताच्या अर्थाने आलेला नसून हुन्नर, कसब या जुन्या व्यापक अर्थाने आलेला आहे. सत्तावीस वर्षे माग हाताळणारा जॉबर या व्याख्येत बसत नसेल तर कोण बसणार? मजकुरात नसलेली पदवीची अट न्यायालयाच्या सवयीने घातली आहे. ही सवय ज्या समाजातून न्यायाधीश, वकील आणि आम्ही प्राध्यापक येतो, त्या समाजाची आहे. हाताने काम करणाऱ्याजवळ माहिती असते, ज्ञान नसते, ही आपल्याकडची फार जुनी समजूत. तिचे मूळ पुरावा कायद्यात शोधण्याचे कारण नाही. ते आपल्या जातिव्यवस्थेत आहे. कायद्याच्या इंग्रज कर्त्याला, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याला, त्याबद्दल तरी दोष देता येणार नाही.

उलट त्याच स्टीफनच्या कायद्यात एक गंमत आहे. हस्ताक्षर ओळखण्याच्या बाबतीत तज्ज्ञ नसलेल्या माणसाचेही मत चालते, अशी तरतूद ४७ व्या कलमात होती. नव्या कायद्यात ती ४१ व्या कलमात आहे. १८७२ च्या कायद्यात तिच्याखाली दिलेले उदाहरण वाचण्यासारखे आहे. लंडनच्या एका व्यापाऱ्याचे म्हणून एक पत्र आहे. अक्षर त्याचेच का, हा प्रश्न. कलकत्त्याचा व्यापारी, ज्याचा त्याच्याशी पत्रव्यवहार आहे. त्या व्यापाऱ्याचा कारकून, ज्याचे काम आलेली पत्रे पाहून लावून ठेवण्याचे. आणि त्याचा दलाल, ज्याला ती पत्रे सल्ल्यासाठी दाखवली जात. या तिघांनीही लंडनच्या व्यापाऱ्याला लिहिताना कधी पाहिलेले नाही, तरी तिघांचे मत ग्राह्य. का? तर रोजच्या सरावाने त्यांचा डोळा तयार झालेला आहे. व्यापाराचा कागद अडू नये म्हणून साम्राज्याच्या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी कारकुनाच्या सरावलेल्या डोळ्यावर विश्वास ठेवला. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या जॉबरच्या कानावर, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेवर, बाळंतिणीच्या अंगाला हात लावून ताप ओळखणाऱ्या सुइणीच्या हातावर असा विश्वास ठेवावा, असे त्याला सुचले नाही. त्यांच्या अडण्याने कोणाची हुंडी थांबत नव्हती.

अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांत, जे १९७५ मध्ये अमलात आले, सामान्य साक्षीदाराच्या मतासाठी स्वतंत्र नियम आहे. त्याने स्वत: अनुभवलेल्या गोष्टीवर आधारलेले आणि प्रश्नाच्या उकलीस उपयोगी पडणारे मत तो देऊ शकतो. तोही नियम निर्दोष नाही. २००० साली दुरुस्ती करून विशेष ज्ञानावर आधारलेले मत त्यातून वगळले, म्हणजे जॉबरची तिथेही पंचाईत होईल. पण ‘वस्तुस्थिती’ आणि ‘मत’ यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, एवढी कबुली तरी त्यात आहे. माग जड चालत होता, ही वस्तुस्थिती की मत? माणूस दमलेला दिसत होता, ही? मोजपट्टी लावून बोलायचे तर जगात कोणालाच साक्ष देता येणार नाही.

डॉक्टरांच्या टक्केवारीचा प्रश्न मी मघाशी अर्धवट सोडला होता. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे, त्याच्या परिशिष्टात अवयव आणि टक्के यांचा एक तक्ता होता. संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, हात गेला तर ६०. हे टक्के शरीराच्या हानीचे नव्हेत. कायद्याने त्यांना ‘कमाईच्या क्षमतेची हानी’ म्हटले आहे. म्हणजे तर्जनी शिंप्याची असो, माग कामगाराची असो वा दारावर बसणाऱ्या रखवालदाराची असो, सर्वांची कमाई १४ टक्क्यांनीच घटते! अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला नापास केले असते. आणि जी इजा तक्त्यात नाही तिचे काय? ती किती टक्के, हे वैद्यकीय व्यवसायी ठरवील, असे कायदा म्हणतो. कमाईची क्षमता ही वेतनपद्धती, यंत्र, कामाची गती, रोजगाराची बाजारपेठ आणि मालकाची मर्जी यांनी ठरणारी गोष्ट. ती ठरवण्याचा अधिकार शरीरशास्त्र शिकलेल्या माणसाला! डॉक्टर प्रामाणिक असला तरी तो येथे आपल्या विषयाबाहेर बोलतो. या प्रश्नापुरता डॉक्टर हाच सामान्य माणूस आहे आणि जॉबर हा तज्ज्ञ.

हे माझे आगाऊ मत आहे असे कोणी समजू नये. १९७५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयापुढे प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हे प्रकरण आले. सिनेमागृहात काम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे हे अंशत: अपंगत्व, असे मालकाचे म्हणणे. आयुक्तांनी मात्र साधा विचार केला होता की, सुतारकाम एका हाताने होत नाही, सबब हा सुतार सुतार म्हणून पूर्ण निकामी झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. करवत चालवताना एक हात लाकडावर लागतो, हे समजायला कोणाची पदवी लागली? ‘सुतारकाम एका हाताने होत नाही’ हे वाक्य सुतारवाड्यातले आहे. ते एका आयुक्ताने ऐकले, एवढाच त्याचा मोठेपणा.

२०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने रेषा स्पष्टच आखली. डॉक्टरने शरीराच्या कायम अपंगत्वाविषयी बोलावे. त्यामुळे कमाई किती बुडाली हे ठरवणे न्यायाधिकरणाचे काम आहे आणि ते त्याने सर्व पुरावा पाहून करावे. डावा हात गेलेला वाहनचालक किंवा सुतार जवळजवळ शंभर टक्के कमाई गमावतो. सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी मात्र तशीच राहू शकते, असा फरकही त्या निकालात दाखवून दिला आहे. हा निकाल होऊन इतकी वर्षे लोटली. तरीही सामाजिक सुरक्षा संहितेत तक्त्याबाहेरच्या इजेची टक्केवारी वैद्यकीय व्यवसायीच ठरवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या तेव्हा आपण सर्वांनी कामाचे तास, कपात, संपाचा हक्क यांवर आवाज उठवला, आणि तो योग्यच होता. या एका कंसातल्या शब्दांवर कोणी बोलल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही.

तज्ज्ञाचे ज्ञान येते कोठून, हाही प्रश्न विचारायला हवा. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा छातीचा रोग घ्या. मुंबईच्या गिरण्यांत ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांत काम केलेल्यांना तो नावाने नसला तरी अनुभवाने ठाऊक होता. रजेच्या दिवसानंतर कामावर गेले की छाती आवळते, दम लागतो. आठवडा सरत जातो तसा त्रास कमी होतो. मँचेस्टरच्या रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या सूतगिरण्यांत या रोगाचा अभ्यास करून त्याच्या पायऱ्या ठरवल्या. त्या पायऱ्या कशावर आधारल्या होत्या? कामगाराच्या उत्तरावर. सोमवारी छाती आवळते का, कधीमधी की दर सोमवारी, सोमवारीच की इतर दिवशीही? या रोगाची खास खूण क्षकिरणांच्या चित्रात उमटत नाही. म्हणजे जगभर ज्याला तज्ज्ञ निदान म्हणून मान्यता मिळाली, त्याच्या मुळाशी गिरणीत काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी आपल्या छातीविषयी आणि आठवड्याच्या वारांविषयी काढलेला निष्कर्ष होता. विज्ञानाने तो मन लावून ऐकला आणि मोजला, हे विज्ञानाचे श्रेय आहेच. पण हाच कामगार साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून ‘ही छाती धुळीनं गेली’ असे म्हणाला की ते मत होते आणि ‘चित्रात दोष आढळत नाही’ असा कागद पुढे आला की तो पुरावा होतो. हा रोग कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. यादीत असणे आणि पदरात पडणे यांमध्ये हा पिंजरा आहे.

येथे एक आक्षेप मला अपेक्षित आहे, आणि तो आपल्याच साथींकडून येईल. सामान्य माणसाच्या मताला न्यायालयाचे दार उघडले तर त्यातून गावगप्पा, जातपंचायतीचे हुकूम आणि बहुसंख्यांचे पूर्वग्रह आत येतील, त्याचे काय? आक्षेप गंभीर आहे. जुन्या कायद्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणे एखादी सार्वत्रिक रूढी किंवा हक्क अस्तित्वात आहे का, हे ठरवताना ज्यांना ते ठाऊक असण्याचा संभव आहे अशा लोकांचे मत ग्राह्य असे, आणि नव्या कायद्यातही ते ग्राह्य आहे. स्टीफनने त्याखाली दिलेले उदाहरण कोणते? विशिष्ट गावाच्या लोकांचा विशिष्ट विहिरीच्या पाण्यावरचा हक्क! महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचून महाड आठवल्याशिवाय राहणार नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची आमची अनादी काळापासूनची रूढी आहे, असा त्यांचा दावा होता. ‘आम्हांला ठाऊक आहे’ हाच त्यांच्या बाजूचा सूर. दहा वर्षे हे प्रकरण चालले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय देऊन सवर्णांचे अपील फेटाळले. गावातल्या प्रतिष्ठितांचे ठाम मत होते, तरी ते टिकले नाही, कारण त्याला आधार विचारला गेला. मला नेमके हेच हवे आहे. मत सामान्य माणसाचे आहे म्हणून खरे, असे मी म्हणत नाही. मत ज्यावर उभे आहे तो आधारही सुसंगत आहे, असे जुने ५१ वे कलम सांगत होते आणि नवे ४५ वे सांगते. हा आधार महाडच्या सवर्णाला विचारा, जॉबरला विचारा, आणि तितक्याच कठोरपणे डॉक्टरला, मूल्यांकनकाराला आणि माझ्यासारख्या प्राध्यापकालाही विचारा. आज होते ते असे की, पदवीवाल्याला पदवी विचारून सोडून देतात आणि बिनपदवीच्या माणसाला आधार सांगण्याची संधीही देत नाहीत. माझ्या उलटतपासणीत ‘माग तुम्ही कधी पाहिला आहे का’ एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर माझे पितळ उघडे पडले असते. तो कोणी विचारला नाही.

पदवीवाल्याला आधार विचारला की काय होते, याचे एक उदाहरण हिमाचल प्रदेशात सापडते. १९८३ साली तेथील सफरचंदांवर स्कॅब रोग पडला. रोगट फळे सरकारने विकत घेऊन नष्ट करण्याची योजना काढली. पुढे काही बागायतदारांवर बागेच्या कुवतीपेक्षा अधिक फळ दाखवून पैसे उचलल्याचे खटले झाले. बागेचे उत्पादन किती असावे, याचा अंदाज एका उद्यान अधिकाऱ्याने मागाहून पाहणी करून दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल या निकालात, तज्ज्ञाचा अहवाल आपोआप पुरावा होत नाही, त्याने साक्षीला उभे राहावे, उलटतपासणीला तोंड द्यावे आणि आपल्या निष्कर्षाची सामग्री व कारणे न्यायालयापुढे ठेवावीत, असे बजावले. हुद्दा म्हणजे ज्ञान नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी सांगितले गेले आहे. दुर्दैवाने फौजदारी प्रक्रियेत उलट वाराही वाहतो. ठरावीक सरकारी शास्त्रीय अधिकाऱ्यांचा अहवाल, त्यांना पिंजऱ्यात न आणताही, पुरावा म्हणून वापरण्याची मुभा जुन्या संहितेच्या २९३ व्या कलमाने दिली होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ व्या कलमाने ती चालू ठेवली आहे. न्यायालय त्यांना बोलावू शकते, पण बोलावण्याची मागणी करायला आरोपीजवळ जागरूक वकील हवा. गरिबाजवळ तो असतोच असे नाही.

तज्ज्ञाची साक्ष ही बाजारात मिळणारी वस्तू आहे, हेही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. ज्याच्याजवळ पैसा त्याला अहवाल लवकर मिळतो, सुबक मिळतो आणि बहुतेकदा हवा तसा मिळतो. मालक आणि विमा कंपनी हे त्या बाजारातले नेहमीचे गिऱ्हाईक, कामगार आयुष्यात एकदाच येणारा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला कोण दुखवील? कामगाराच्या बाजूने या बाजारात न विकत घेता मिळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांचे ज्ञान. न्यायालयाची सवय नेमके तेच बाद करते.

आता ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ या भरीकडे येतो. माझी युनियनांना आणि श्रमिकांच्या वकिलांना विनंती आहे की, यंत्रमाग, बांधकाम, ऊसतोड, भट्टी, गोदी ही सारी ‘क्षेत्रे’ आहेत, असा आग्रह प्रत्येक दाव्यात लेखी धरावा. अनुभवी कामगाराला ‘सहकारी’ म्हणून नव्हे, तर विशेष कुशल साक्षीदार म्हणून बोलवावे. त्याची पदवी विचारली जाईलच, तेव्हा त्याने किती वर्षे, कोणत्या यंत्रावर, कोणते काम केले, किती जणांना शिकवले, हे प्रथम नोंदवून घ्यावे. मत नंतर, आधार आधी. त्याला ‘मला वाटतं’ असे न म्हणता ‘माझ्या अनुभवात असं होतं’ असे म्हणायला शिकवावे लागले तरी शिकवावे; ही शिकवणी खोट्या साक्षीची नव्हे, परक्या दरबारातल्या भाषेची आहे. डॉक्टर टक्के सांगू लागले की २०१० चा निकाल पुढे ठेवून, कमाईविषयी तुमचा आधार काय, असे विचारावे. आयुक्तांनी जॉबरचे मत नाकारले तर नाकारण्याची कारणे मागावीत आणि अपिलात न्यावीत. यातले काहीही करायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. कंसातले ते शब्द काढण्यासाठी मात्र लागेल, आणि ती मागणी आपल्या पक्षाच्या मागणीपत्रात आली पाहिजे.

तो जॉबर मला त्यानंतर एकदा भेटला. आदेशात त्याच्याविषयी काय लिहिले आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही. त्याने मला विचारले, “सर, तुमी तिथं जे सांगितलंसा, ते त्यांनी लिवून घेतलं का?” मी होय म्हणालो. “मग झालं,” असे म्हणून तो पाळीवर निघून गेला.